तेलाच्या डागांची वही

गाडीखालच्या खड्ड्यातून वर आले की मिस्त्री आधी हात पुसत नसत. आधी शर्टाच्या खिशातून पांढऱ्या कागदाचा चौकोनी तुकडा काढत, बोटावरच्या तेलाचा एक थेंब त्यावर टेकवत, तो पसरू देत, आणि मग कागद नाकाशी नेऊन डोळे मिटत. तेवढा वेळ गाडीचा मालक, मग तो किराणा दुकानदार असो की शाळेच्या बसचा चालक, श्वास रोखून उभा राहायचा. डॉक्टर नाडी बघत असताना घरच्यांचे चेहरे होतात, तसा त्याचा चेहरा व्हायचा. मिस्त्री डोळे उघडून म्हणायचे, "म्हातारं झालंय, बदलू." किंवा म्हणायचे, "जळलंय. आत बघावं लागेल." या दोन वाक्यांवर बाजारामागचं ते पत्र्याचं गॅरेज तीस वर्षं उभं होतं.

ज्या गाडीत क्लच दाबावा लागत नाही, गिअर आपले आपण पडतात, अशा ऑटोमॅटिक गाड्यांची ही विद्या. त्या गिअरबॉक्समध्ये तेल हे नुसतं वंगण नसतं, सगळा कारभार त्याच्याच जोरावर चालतो. नवं असताना ते सरबतासारखं लालचुटूक असतं, वापरून विटकरी होतं, मग तपकिरी. पण रंगावर जाऊ नये, असं मिस्त्री सांगायचे. काही तेलं नुसती वयाने काळवंडतात आणि आतून ठणठणीत असतात, माणसांसारखीच. उलट आतल्या क्लचप्लेटा घसरून जळायला लागल्या, की तेलाला करपलेल्या पावाचा वास येतो, आणि रंगाला जे सांगायला वर्ष लागतं ते वास पहिल्या दिवशी सांगतो. अशा जळक्या गिअरबॉक्समध्ये वरवर ताजं तेल ओतणं म्हणजे ताप आलेल्याला नवे कपडे घालणं. दोन दिवस तो बरा दिसतो. मग एखाद्या चढावर, गाडी भरलेली असताना, इंजिन नुसतं ओरडत राहतं आणि चाकं जागची हलत नाहीत.

तो डागाचा कागद घडी होऊन खिशात जायचा. कोपऱ्यात बारीक अक्षरात गाडीची ओळख आणि तारीख. संध्याकाळी घरी मिस्त्री तो जाड वहीत खळीने चिकटवत. अशा अकरा वह्या भरल्या होत्या. लोकांच्या कपाटात लग्नाचे अल्बम असतात, यांच्या कपाटात डागांचे. बायको म्हणायची, "पाहुणे आले की चहाबरोबर हेच दाखवा, पुन्हा येणार नाहीत." म्हणायची आणि खळ संपली की स्वतःच नवी शिजवून ठेवायची.

सगळे त्यांना नाकवाले मिस्त्री म्हणत. त्यांनाही ते आवडायचं, मात्र आवडतं असं त्यांनी कधी दाखवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी हे नाक गेलं. कसला मोठा आजार नाही, आठवडाभराचा ताप. ताप उतरला, खोकला गेला, आणि जाताना पाहुण्याने घरातली एखादी वस्तू उचलून न्यावी तसा वास घेऊन गेला. मिस्त्रींनी महिनाभर वाट पाहिली. मग बोल्ट आणायला जातो असं घरी सांगून डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "येईल. नाही तर नाही येणार." बसची चौकशी करणाऱ्याला स्टँडवर उत्तर मिळतं, अगदी त्या सुरात.

येताना त्यांनी चार बोल्ट मात्र आठवणीने आणले.

त्यानंतर रोज सकाळी दाराला कडी लावून ते साबण हुंगायचे, पेट्रोलची चिंधी हुंगायचे. काही नाही. चहा म्हणजे गरम गोड पाणी. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. गॅरेजमध्ये कागद पूर्वीसारखाच नाकाशी जात होता, डोळेही मिटत होते, कारण गिऱ्हाईक त्यासाठीच समोर उभं असायचं. निर्णय मात्र ते बाकीच्या खुणांवरून घेत. तेल चिमटीत चोळून बघत, गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्याच्या, म्हणजे चेंबरच्या, तळाशी जे लोहचुंबक असतं त्याला काय चिकटलंय ते बघत. मिस्त्री मुळात कामाचे पक्के, त्यामुळे अंदाज बरोबर यायचे. पण प्रत्येक वेळी डोळे मिटताना ते एक छोटं खोटं बोलत होते, हे त्यांना ठाऊक होतं. रोजच्या खोट्याचं असं असतं की पहिल्यांदा ते टोचतं, मग अंगवळणी पडतं, आणि मग आपण ते बोलतोय हेच विसरायला होतं.

मधवाली बाई आली ती एका दुपारी. तीन वर्षांपूर्वी झाडावरचं मधमाश्यांचं मोहोळ उतरवताना ती पडली होती आणि तेव्हापासून तिचा डावा गुडघा वाकत नव्हता. क्लच दाबणं जमेना, म्हणून तिने ऑटोमॅटिक गिअरची एक जुनी पिकअप घेतली होती, दोन-तीन मालकांच्या हातून आलेली. तिच्या चाळीस पेट्या होत्या. खालच्या रानातला फुलोरा संपला होता, वर डोंगरात फळबागा फुलायला लागल्या होत्या, आणि बागवाल्याचा निरोप आला होता की आता उशीर करू नका. त्याच संध्याकाळी ती पेट्या भरणार होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती.

"गिअर टाकला की क्षणभर विचार करते आणि मग निघते," तिने पिकअपची तक्रार सांगितली.

"विचार करणारी गाडी बरी. मालक तेवढाही करत नाहीत," मिस्त्री म्हणाले.

ती हसली, पण मनातलं तिने सांगितलंच. माश्या हलवायच्या तर पेटीची तोंडं बंद करावी लागतात. गारव्यात पोचलं तर काही होत नाही. पण ऊन चढलं आणि बंद पेट्या रस्त्यात अडकल्या, तर आतल्या माश्या एकमेकींच्या उबेनेच गुदमरतात. सहा वर्षांपूर्वी रस्त्यावर झाड पडलं होतं आणि तिच्या अकरा पेट्या अशा गेल्या होत्या. "आधी आतून केवढा आवाज येतो," ती म्हणाली, "आणि मग कमी कमी होत जातो. तो कमी होतानाचा आवाज मला पुन्हा ऐकायचा नाहीये, मिस्त्री."

मिस्त्रींनी पिकअप दहा मिनिटं फिरवून आणली, म्हणजे तेल कोमट होऊन नीट उतरतं, आणि खड्ड्यावर उभी केली. चेंबरचे बोल्ट त्यांनी एका कोपऱ्याकडून सैल करत नेले. भांडं हळूच कलंडलं आणि तेल धारेने परातीत आलं. सगळं येत नाही, निम्मं वरच अडून राहतं. आलेलं तेल त्यांनी मापाच्या डब्यात ओतून मोजलं. जेवढं निघालं तेवढंच घालायचं, हा त्यांचा नेम. कमी नको, आणि उपकार म्हणून जास्तही नको. लोहचुंबकावर करड्या राखेसारखा पातळ लेप होता. तुकडे नव्हते, कीस नव्हता. असा लेप कोणत्याही जुन्या गिअरबॉक्समध्ये सापडतो.

मग ते वर आले. कागद काढला, थेंब टेकवला. डाग तपकिरी उतरला, कडेला जरा गडद. कागद नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले. समोर मधवाली उभी होती, दाराला टेकून, दुखरा पाय पुढे काढून. मिटल्या डोळ्यांमागे मिस्त्रींना काहीच सापडलं नाही. सामान हलवलेल्या खोलीत उभं राहावं, तसं झालं. त्यांनी मनाशी जुळवाजुळव केली. चुंबक स्वच्छ आहे. तेल मोजायच्या पट्टीवर पातळी थोडी कमी होती, गाडी अडखळते ती त्यामुळेच असेल. आणि एक गोष्ट त्यांनी त्या वेळी मनाशीही कबूल केली नाही, नंतर केली. तिला जायचंच होतं, आणि त्यांच्या जिभेला तिला चांगलं काहीतरी सांगायचं होतं.

"म्हातारं झालंय," ते म्हणाले. "जळलेलं नाही. निर्धास्त जा."

पुढचं काम त्यांनी जीव लावून केलं. चेंबर धुतलं, फिल्टर बदलला, नवं पॅकिंग बसवलं. बोल्ट समोरासमोरचे घेत तीन फेऱ्यांत आवळले. लांब नळीच्या नरसाळ्याने लाल तेल मापाने भरलं, आधी जेवढं कमी होतं तेवढी भर घातली, इंजिन चालू ठेवून प्रत्येक गिअर टाकून क्षणभर थांबले, पट्टी पुसून पातळी दोनदा पाहिली. गाडी अडखळायची थांबली. मधवाली खूश झाली. चढता चढता म्हणाली, "एरवी लोक नाकावर माशी बसू देत नाहीत. तुमच्या नाकावर मी चाळीस पेट्या बसवून चाललेय."

मिस्त्री हसले. ते हसू गॅरेज बंद करेपर्यंत त्यांना कुठेतरी कुसळासारखं रुतत राहिलं.

घरी आल्यावर रोजच्यासारखा त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि हात धुवायला मोरीत गेले. रोजच्यासारखी बायको विचारती झाली, "आज काय म्हणाली गाडी?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. त्यांनी आतून सांगितलं, मधवालीची पिकअप होती, तेल म्हातारं झालं होतं, बदललं. टॉवेलने हात पुसत ते आले, तर ती खिडकीशी उभी होती, हातात त्यांच्या खिशातला कागद.

"अहो, बसा जरा," ती म्हणाली.

ते बसले. तिने समोर खुर्ची ओढली आणि कागद दोघांच्या मधे टेबलावर ठेवला.

"हे जळलंय."

"कशावरून?"

"वासावरून."

मिस्त्रींनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग तिने सगळं सांगितलं, अगदी बेताच्या आवाजात, दळण कुठे ठेवलंय ते सांगावं तसं.

दोन वर्षांपूर्वी एकदा ती शेजारी गेली होती आणि शेगडीवर दूध होतं. परत आली तर घरभर धूर, पातेल्याचं बूड काळं, आणि दोन हातांवर मिस्त्री शांतपणे पेपर वाचत बसलेले. ती भांडायच्याच तयारीत आत शिरली होती. पण तिने त्यांचा चेहरा पाहिला. दूध करपलं याच्यापेक्षा आपल्याला ते कळलं नाही, याने तो चेहरा उतरला होता. तिने पातेलं उचललं आणि म्हणाली, माझंच चुकलं, मी सांगून जायला हवं होतं. त्या दिवसापासून शेगडीचा कॉक निजायच्या आधी ती दोनदा बघत होती. दूध, उरलेलं अन्न, सगळं त्यांच्या पानात यायच्या आधी तिच्या नाकाखालून जात होतं. आणि रोज संध्याकाळी, ते हात धुवायला गेले की, ती त्यांच्या खिशातला कागद हुंगत होती.

"तीस वर्षं तुमचे शर्ट धुतेय," ती म्हणाली. "इंजिनचं तेल, ब्रेकचं तेल, गिअरचं तेल, अंधारात ओळखेन. पहिली दहा वर्षं नाक मुरडलं, मग शिकले."

म्हणजे आज काय म्हणाली गाडी, हा प्रश्न असा होता. मिस्त्रींना वाटायचं, ही प्रेमाने विचारते. ते प्रेमच होतं, फक्त उत्तर बरोबर आहे का ते तपासून बघणारं.

"मग बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आणि तुम्ही चुकत नव्हतात. दोन वर्षांत एकदाही नाही." तिने कागद त्यांच्याकडे सरकवला. "आज चुकलात."

मिस्त्रींनी फोन लावला. वाजत राहिला. मधवाली रानात असणार, हातमोजे घालून पेट्यांची तोंडं बंद करत असणार. त्यांनी शर्ट परत अंगात घातला. बायकोने शेगडी बंद केली, कॉक बघितला, पायात चपला सरकवल्या.

"तू कशाला?"

"हुंगायला," ती म्हणाली.

स्कूटर चालू करताना ती मागून म्हणाली की नुसतं वाईट सांगायला जाऊ नये, हातात काहीतरी घेऊन जावं. मिस्त्रींना तिचं म्हणणं कळलं. गॅरेजच्या समोर टायरवाल्याचं दुकान होतं आणि त्याच्याकडे एक जुना छोटा ट्रक होता, साध्या गिअरचा, आवाजाला भांडखोर पण चढाला भरवशाचा. तो मागायचा तर कारण सांगावं लागणार. आणि टायरवाल्याला काही सांगणं म्हणजे पेपरात छापून आणणं. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाइकाला अख्ख्या बाजाराची खबरबात मिळायची. उद्या दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं असतं की नाकवाल्या मिस्त्रींना नाकच नाही.

स्कूटरवर मिस्त्रींचा वेग जरा कमी झाला. बायकोने पाठीवर हात ठेवला. ढकलला नाही, नुसता ठेवला.

टायरवाला दुकान आवरत होता. मिस्त्रींनी उभ्या उभ्याच सांगितलं. नाक दोन वर्षं बंद आहे, आज चुकीचं सांगितलं, पहाटे चाळीस पेट्या डोंगरात जायच्या आहेत, त्या बाईला क्लच दाबता येत नाही, ट्रक हवा आणि चालवायला तूही हवास. टायरवाल्याने हातातली पहार भिंतीला टेकवली.

"दोन वर्षं?" तो म्हणाला. "आणि मी घरी सांगत होतो की समोरचे मिस्त्री देवमाणूस, मी रबर जाळतो, मोजे वाळत घालतो, कधी एका शब्दाने बोलत नाहीत."

"मला त्रास व्हायचा," मिस्त्रींची बायको म्हणाली.

"वहिनी, तुम्ही तर बाजारात जाताना पलीकडच्या फुटपाथने जाता, ते मी बघितलंय." तो किल्ली घेऊन निघालासुद्धा. उजाडल्यावर त्याचं दुकान उघडणार नाही, याचं त्याने नावही काढलं नाही.

रानात पोचले तेव्हा थोडा उजेड उरला होता. माश्या परतल्या होत्या. मधवाली डोक्यावर जाळीची टोपी घालून एकेका पेटीच्या तोंडाला जाळीची पट्टी ठोकत होती. फळीवरून सरकवत तिने निम्म्या पेट्या पिकअपमध्ये चढवल्याही होत्या. मिस्त्री तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. तेल जळलेलं होतं. मला वास येत नाही. दुपारी मी हुंगल्याचं नाटक केलं. जाळीमुळे तिचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे तिला काय वाटतंय हे कळल्याशिवायच त्यांना शेवटपर्यंत बोलावं लागलं.

तिने हातातली पट्टी आधी पुरती ठोकली.

"दुपारी एवढंच म्हणायचं होतंत," ती म्हणाली, "की मला कळत नाही."

"हो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ताप सांगितला नाही, डॉक्टर सांगितला नाही, स्वच्छ चुंबकही सांगितलं नाही.

तिने टोपी काढली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. तिने ट्रककडे पाहिलं, टायरवाल्याकडे पाहिलं, मिस्त्रींच्या बायकोकडे पाहिलं, आणि मग परत मिस्त्रींकडे. "उद्या नऊ वाजता मला कळलंच असतं," ती म्हणाली. "चढावर, उन्हात. तुम्ही आज सांगायला आलात." मग आवाज बदलून म्हणाली, "उचला पेट्या. हळू. आपटायची नाही एकही."

चौघांनी मिळून चाळीस पेट्या ट्रकमध्ये लावल्या. दोघांनी धरून, पावलं मोजत. प्रत्येक पेटी हाताला कोमट लागत होती आणि तळव्यात गुणगुणत होती. चालू इंजिनावर हात ठेवला की असंच लागतं, असं मिस्त्रींच्या मनात आलं. शेवटच्या पेटीच्या फटीतून एक माशी निसटली आणि एवढ्या मोठ्या रानात, चार माणसं असताना, नेमकी मिस्त्रींच्या नाकाच्या शेंड्यावर डसली.

पहिली मधवाली हसली. मग कोणालाच आवरेना. काटा काढता काढता बायको म्हणाली, "हललात तर आत जाईल," आणि स्वतःच हसून हलत होती.

पहाटे ट्रक निघाला. टायरवाला चालवत होता, शेजारी पाय पसरून मधवाली. मिस्त्री झोपले नव्हते. ते लवकर गॅरेजवर गेले, रात्री रानातून रिकामी चालवत आणलेली पिकअप आत घेतली आणि गिअरबॉक्स उतरवायला लागले. सुजलेलं नाक घेऊन ते काम करत होते आणि दर थोड्या वेळाने फोनकडे बघत होते. आठ वाजून गेल्यावर तो वाजला. पलीकडे वारा होता आणि तिचा आवाज, दमलेला. सगळ्या पेट्या उघडल्या, ती म्हणाली. माश्या सगळ्या बाहेर आल्या. फुलांवर गेल्यासुद्धा. मिस्त्री बरं म्हणाले आणि फोन ठेवल्यावर खड्ड्याच्या काठावर थोडा वेळ नुसते बसून राहिले.

दुपारी बायको डबा घेऊन आली तेव्हा गिअरबॉक्स उघडला होता. जड ओझं ओढताना जो प्लेटांचा संच कामाला लागतो, त्याच्या चार प्लेटा काळ्या पडल्या होत्या, कडेचं अस्तर तव्यावर राहिलेल्या पावासारखं खवल्याखवल्याने सुटत होतं. मिस्त्रींनी एक प्लेट तिच्या हातात दिली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. नाकाशी नेण्याची गरज नव्हती, तरी नेली.

"हाच," ती म्हणाली.

त्यांना तिला काहीतरी म्हणायचं होतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि आभार मानायची पद्धत त्यांच्यात नव्हती, त्यामुळे शब्द कुठे ठेवलेत तेच सापडेना. शेवटी ते म्हणाले, "डब्यात काय आहे?"

"उघडून बघा," ती म्हणाली. "वासावरून तर कळणार नाही तुम्हाला." हे तिने पहिल्यांदाच उघडपणे म्हटलं होतं, आणि ते ऐकून मिस्त्रींना दोन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

टायरवाल्याने अपेक्षेप्रमाणे काम चोख केलं. दोन दिवसांत बाजारभर झालं. पण सांगताना त्याने सांगितलं ते असं, की मिस्त्री रात्रीचं जेवण टाकून रानात गेले, माशीचा डंख खाल्ला, आणि आपल्या तोंडाने आपली चूक सांगून आले. त्यामुळे लोक आले ते हसायला नाही, चौकशीला आले. दोन-चार गिऱ्हाइकं गेली, ती गेलीच. एका ट्रकमालकाने मात्र तोंडावर विचारलं की आता काय बाईमाणूस हुंगून गाडीची परीक्षा करणार का. मिस्त्रींच्या बायकोने तेलाचा कागद त्याच्यासमोर धरला आणि म्हणाली, "आधी तुम्ही सांगा, मग मी सांगते." त्याने हुंगलं. त्याला काही सांगता आलं नाही. तो अजून येतो.

तेव्हापासून जेवणानंतरचे दोन तास ती गॅरेजवर असते. पत्र्याच्या सावलीत तिची वेताची खुर्ची आहे. मिस्त्री खड्ड्यातून वर येतात, कागदावर थेंब टेकवतात आणि तिच्या हातात देतात. गिऱ्हाइकाकडे वळून स्पष्ट सांगतात, "नाक यांचं, हात माझे." ती डोळे मिटत नाही. तिला वेळ नसतो, तिच्या मांडीवर भाजी निवडायची असते. ती एकदा हुंगते, "चांगलं आहे" किंवा "आत बघा" म्हणते आणि पुन्हा देठ मोडायला लागते. बाराव्या वहीत आता प्रत्येक डागाखाली दोन हस्ताक्षरं असतात. वर मिस्त्रींची बारीक ओळ, रंग काय, चुंबकावर काय. खाली तिचं मोठं गोल अक्षर, वास. वहीच्या पहिल्या पानावर मधवालीच्या पिकअपचा डाग आहे. मिस्त्रींनी त्या दुपारीच कागदावर लिहिलं होतं, म्हातारं. ते खोडलेलं नाही. त्याच्याखाली बायकोने लिहिलंय, जळकं.

मधवाली महिन्याने डोंगरातून उतरली. दुरुस्त झालेली पिकअप तिने रस्त्यावर दोनदा मागे-पुढे घेतली आणि खूश होऊन बाटलीभर मध काढून दिला. गेल्यावर मिस्त्रींनी बोट बुडवून जिभेला लावलं. गोड होतं, बाकी काही नाही. त्यांनी बाटली बायकोपुढे केली.

"वास कसा आहे?"

या वेळी तिने हातातली जुडी बाजूला ठेवली. आणि डोळे मिटले. मिस्त्री समोर उभे राहिले, त्यांच्या गिऱ्हाइकांसारखे, श्वास रोखून.

"सकाळी गवत कापतात ना," ती हळूहळू म्हणाली, "ते ओलं असताना. तसा आधी. मग पेरूच्या फोडीसारखा थोडा. आणि मागे धूर आहे जरासा, माश्यांना शांत करायला ती बाई सगळीकडे धूर करत फिरते." तिने पुन्हा हुंगलं. "आपण नवीन होतो तेव्हा तुम्ही एक साबण आणायचात, पिवळा. त्याचासुद्धा."

मिस्त्रींना तो साबण आठवला. वास नाही आठवला, पण वडीचा रंग आठवला, आणि ती वडी कागदातून काढताना तिने हसून वर पाहिलेलं आठवलं. त्यांनी खिशातून कोरा कागद काढला, मधाचा एक थेंब त्यावर टेकवला, कोपऱ्यात तारीख घातली आणि तिच्यापुढे पेन धरलं.

"वहीत लावणार?" ती म्हणाली. "मुंग्या लागतील."

"लागू देत. तू लिही."

तिने लिहिलं. मुंग्या लागल्याच, तिसऱ्याच दिवशी, एका ओळीत, पार कपाटाच्या खालून. बायकोने वही झटकली, उन्हात ठेवली, दोन दिवस पुटपुटत राहिली. पान मात्र तिनेही फाडलं नाही.